दोन पायांना दोन पेडल

ऑर्केस्ट्रातल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. आमच्या वायरी पत्र्याच्या ट्रंकेत असायच्या. माइकची एक ओढली की गुंत्यातून सगळ्याच बाहेर यायच्या. किस्स्यांचंही तसंच आहे. परवा पोलादपूरच्या स्टँडवर आमचा जुना गायक विलास भेटला. "तो नारळ आठवतो का रे?" एवढंच म्हणाला, आणि आमच्या दोन एसटी डोळ्यांदेखत निघून गेल्या!

तर, महाडात रंगीत टीव्ही मोजून दोन-तीन घरांत होते, त्या सुमाराची ही गोष्ट. आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव 'सूरसावित्री'. मालक, चालक आणि अकॉर्डियनवादक शिंदेसर. एरवी शाळेत चित्रकला शिकवायचे. विलास गायचा. मी पंचायत समितीत क्लार्क आणि स्टेजवर बास गिटार. लोकांना सिनेमातली गाणी जशीच्या तशी हवी असायची, आम्ही ती जमेल तशी द्यायचो.

*

मी सेकंडहँड बास आणली आणि पहिलाच कार्यक्रम पाचाडला लागला. इंटरव्हलमध्ये एक शेतकरी स्टेजपाशी आला. गिटार नीट निरखून हळू आवाजात म्हणाला, "तारा दोन कमी हायत."

मी समजावलं. बासला चारच तारा असतात, जाड असतात, गाण्याचा खालचा सूर त्या धरतात. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे. माझ्याकडं सायकलच्या ब्रेकची वायर हाय. आणून देऊ?"

*

बाहेरच्यांचं मी हसण्यावारी नेत होतो. खरं दुखणं घरात होतं.

माझे वडील, म्हणजे आबा, तीस वर्षं गायन पार्टीत ढोलकी वाजवत होते. आमच्या बौद्धवाडीत जयंतीचा कार्यक्रम आबांच्या ढोलकीशिवाय सुरूच व्हायचा नाही. पुढे बोटं आखडली आणि ढोलकी खुंटीला गेली. मी ऑर्केस्ट्रात जातो याचं त्यांना मनातून बरं वाटत असावं, पण तोंडाने कधी बोलले नाहीत. एकदा कार्यक्रमाला आले, पुढच्या रांगेत बसले. घरी आल्यावर मी वाट बघत राहिलो. शेवटी म्हणाले, "गाणाऱ्याचं आयकलं. पेटीचं आयकलं. ढोलकीवाला कच्चा हाय, पन आयकलं. तुझं काय आयकलं नाय."

"आबा, बास वेगळी ऐकू येत नाही. ती गाण्यात मिसळलेली असते."

"मिठासारखी?"

"बरोबर! मिठासारखी!"

"मीठ कळतं रे," आबा म्हणाले आणि झोपायला गेले.

मला वाईट वाटलं. फार वाटलं. त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीच्या मागे लागलो. आबांच्या कानावर जाईल अशी बास मला वाजवायची होती.

*

कुणीतरी सांगितलं, पेडल घे. पेडल म्हणजे गिटार आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये जोडायची छोटी पेटी. पायाने दाबली की आवाज बदलतो. बाजारपेठेत मुश्ताकभाईंचं रेडिओ रिपेअरिंगचं दुकान होतं. त्यांनी अॅल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात मला एक फझ बनवून दिला. फझ म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा पेडल. देताना ताकीद दिली, "वाजवून झालं की वायर काढून ठेवायची. वायर खुपसलेली राहिली तर तू वाजव नायतर नको, आतला सेल संपत जातो."

रायगडच्या वाटेवर नातं म्हणून गाव आहे, तिथे कार्यक्रम होता. विलासने गाण्याची पहिली ओळ म्हटली, मी ऐटीत डबा दाबला, आणि माझ्या अॅम्प्लिफायरमधून गंभीर आवाज आला, "समुद्र खवळलेला राहील. मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये!"

डब्यात आकाशवाणी लागली होती! मी पुन्हा दाबला, तर वाऱ्याचा वेग सुरू झाला. सगळं पब्लिक चिडीचूप. नातं ते, समुद्र कुठला तिथे! मागून एकजण ओरडला, "आमच्याकडं होडी नाय! पुढचं गाणं घ्या!"

दुसऱ्या दिवशी मी डबा मुश्ताकभाईंच्या टेबलावर आदळला. ते जराही विचलित झाले नाहीत. "लोकांना रेडिओ वेगळा घ्यावा लागतो. तुला त्याच्यातच दिला!"

*

मग वाटलं, जाणकाराला विचारावं. मुंबईच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राचा बासवाला गुडघ्यांसाठी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर आलाय असं कळलं. सायकल काढली आणि सव गाठलं. गृहस्थ मांडीपर्यंत पॅन्ट दुमडून, डोळे मिटून, पाय पाण्यात सोडून बसले होते. मी वहीच उघडली.

त्यांनी शिकवलं मात्र मनापासून. कॉम्प्रेसर लहान-मोठा आवाज एकसारखा करतो. ऑक्टेव्ह मूळ सुराच्या खाली आणखी एक सूर जोडतो. कोरस एका गिटारीच्या दोन वाटाव्यात असा आवाज रुंद करतो. मी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "यातलं अगदी अत्यावश्यक काय?"

ते डोळे न उघडता म्हणाले, "ड्रमरशी मैत्री."

*

माझा मामेभाऊ सुरेश तेव्हा मस्कतला होता. सुट्टीवर यायचा होता. त्याने कळवलं, बॅगेत दोन पेडलपुरती जागा आहे, कुठले ते लिही.

झालं! ऑर्केस्ट्राची मीटिंग बसली. विलास म्हणाला ऑक्टेव्ह, म्हणजे जमीन हादरेल. मला कोरस हवा होता, म्हणजे बास पसरेल आणि आबांपर्यंत पोचेल. शिंदेसर म्हणाले, "बासवाल्याच्या पायात चप्पल असली तरी पुरे." तीन दिवस वाद घालून मी पत्र लिहिलं, एक कॉम्प्रेसर आणि एक कोरस. स्पेलिंग मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा.

सुरेश आला. बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेले दोन निळे पेडल काढले. दोन्ही कोरस!

"अरे, मी वेगवेगळे लिहिले होते!"

"लिहिले होतेस," सुरेश म्हणाला. "दुकानदार पण तेच सांगत होता, वेगवेगळे हायत म्हणून. मी म्हटलं, मला फसवतोस काय? पायात घालायची वस्तू, जोडी सारखीच पायजे!"

*

आता तो नारळ.

पोलादपूरच्या वर डोंगरात एका गावी आमचा कार्यक्रम होता. नवीन पेडल पहिल्यांदाच स्टेजवर आला होता. गावकीचे अध्यक्ष रामजीभाऊ, वय सत्तर, धोतर आणि वर कोट, सुरुवातीला स्टेजवर आले. त्यांनी अकॉर्डियनला हळदकुंकू लावलं, ड्रमला लावलं. मग माझ्या पायाशी येऊन थांबले.

"ह्ये काय?"

मी अभिमानाने म्हणालो, "मस्कतहून आणलाय. आजच सुरू करतोय."

"नवीन हाय?" रामजीभाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी वाकून पेडलला कुंकू लावलं, दोन फुलं ठेवली. मी हात जोडले. तेवढ्यात मागे कुणीतरी त्यांच्या हातात नारळ दिला. फोडायला दगड हवा म्हणून त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. स्टेजवर दगड कुठला? समोर मात्र एक चौकोनी, जड, लोखंडी वस्तू नीट मांडून ठेवलेली, वर फुलं वाहिलेली!

एकाच घावात दोन शकलं! पाणी सगळं पेडलमध्ये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "शुभ झालं," रामजीभाऊ म्हणाले आणि एक शकल माझ्या हातात ठेवलं.

शिंदेसरांनी चष्मा पुसला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सुरेशला पत्र टाक. जोडी आणलीस ते बरं केलंस म्हणावं."

*

राहिलेल्या एका पेडलवर माझी सगळी मदार होती, कारण जयंतीचा कार्यक्रम आमच्याच वाडीत ठरला. ऑर्केस्ट्रा प्रथमच तिथे वाजणार होता. आबांनी घरातून आपलं स्टूल नेऊन अगदी मागे, चिंचेखाली टाकलं. पुढे बसा म्हटलं तर म्हणाले, "लांबूनच खरं आयकायला येतं."

मी दुपारीच सगळं जोडून, वाजवून पाहिलं. कोरस सुरेख लागला होता. मग पाहुण्यांच्या चहापाण्यात अडकलो आणि मुश्ताकभाईंची ताकीद साफ विसरलो. वायर दुपारपासून पेडलमध्ये तशीच खुपसलेली.

पहिलं गाणं उत्तम झालं. दुसरंही. तिसरं गाणं आबांच्या गायन पार्टीतलं जुनं भीमगीत होतं, मी मुद्दाम बसवून घेतलेलं. विलासने आलाप घेतला, ढोलकीची थाप पडली, मी पहिला सूर छेडला. पेडल एकदा खरखरला आणि गप्प झाला. सेल संपला होता! वाकून वायरी बदलायच्या तर सगळ्या वाडीसमोर शोभा. मी तसाच उभा राहिलो आणि अख्खं गाणं मुक्या तारांवर बोटं नाचवली. मान डोलावली, पायाने ठेका धरला. ज्या गाण्यासाठी एवढी वर्षं मर मर मेलो, तेच असं गेलं. डोळ्यांत पाणी आलं होतं.

गाणं संपल्यावर पेडल काढून गिटार सरळ अॅम्प्लिफायरला जोडली आणि पुढचा कार्यक्रम तसाच वाजवला. शेवटी धीर करून विलासला विचारलं, तिसरं कसं झालं? "एक नंबर!" ढोलकीवाल्याला विचारलं. "फर्स्ट क्लास!" शिंदेसर तर म्हणाले, "आज तू फार संयमाने वाजवलंस." पब्लिकने त्याच गाण्याला वन्समोअर मागितला होता. कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मला ते जास्तच लागलं.

सकाळी ओट्यावर आबा चहा पीत होते. मी शेजारी बसलो. त्यांनी उरलेला चहा संपवला. मग बशी खाली ठेवली.

"तिसऱ्या गाण्याला कुठं गेला व्हतास?"

"कुठं म्हणजे? तिथेच होतो, आबा. स्टेजवर."

"स्टेजवर दिसत व्हतास रे," आबा म्हणाले. "गेला व्हतास कुठं?"