जर्सीवरची चिकटपट्टी

सिल्वासाजवळ राखोलीच्या पुलाशी चहाची टपरी आहे. बायको गेल्यापासून घरात बसवत नाही, म्हणून मी तिथे बसतो. कंपनी सुटली की तिथे एक कामगार पोरगा यायचा. नाव मी विचारलं नाही. अंगात त्याच्या आवडत्या क्रिकेट टीमची निळी जर्सी, पाठीवर कॅप्टनचं नाव. टीव्हीवर कोटवाले तज्ज्ञ बोलायला लागले की हा ग्लास आपटायचा. "पोपट सगळे. मालक पढवतो तेवढंच बोलतात."

एका संध्याकाळी बातमी आली, टीमच्या मालकाने कॅप्टनच दुसऱ्या टीमला विकला. त्याचं बिस्कीट चहात विरघळलं तरी हात तसाच. मग म्हणाला, "बैल विकतानासुद्धा कपाळाला कुंकू लावतात हो, काका."

दुसऱ्या दिवशी आला तो तीच जर्सी घालून. नावावर खोकी बंद करायची तपकिरी पट्टी चिकटवलेली. मी तोंडावर विचारलं, "लाज नाही का रे? त्याच शेठची जर्सी?"

"टीम काय शेठच्या बापाची आहे?"

"मग नाव तरी काढून टाक."

"छापलेलं आहे, काका. खरवडलं तर कापडच फाटतं."

मला घर आठवलं. सून म्हणाली होती, आईंची जुनी भांडी मोडीत देऊ. मी हो म्हटलं होतं. प्रत्येक भांड्यावर बायकोचं नाव कोरलेलं, आणि गोणी बांधून दाराशी तयार.

घरी येऊन गोणी सोडली. वरच तिचा तांब्या होता. तोच भरून पाणी प्यालो.