अक्कांनी न केलेली सही

सुपडूचा फोन आला तेव्हा मी जळगावला दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. बोदवड तालुक्यातल्या ज्या गावात मी नोकरीची शेवटची सहा वर्षं ग्रामसेवक होतो, तिथल्या ग्रामपंचायतीचा सुपडू हा शिपाई. "भाऊसाहेब, अक्का गेली," एवढंच म्हणाला. सकाळी ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या, बसल्या जागीच कलंडल्या. मी नंबर सोडून तसाच स्टँडवर गेलो आणि मिळेल ती बस धरली. पोचलो तेव्हा तिरडी उचलायची वेळ झाली होती. महिना होत आला त्याला. अजून कोणाशी बोलताना 'अक्का म्हणतात' असंच तोंडात येतं.

कौसल्याअक्का सरपंच झाल्या त्या अपघातानेच. जागा बाईसाठी राखीव निघाली, गावातल्या दोन गटांचं एका नावावर जमेना, तेव्हा कोणाच्याच अध्यात-मध्यात नसलेल्या या विधवा बाईला उभं केलं. शिक्षण चौथी. पहिल्याच दिवशी मी ठरावांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि बोटाने सहीची जागा दाखवली. "काय लिवेल हाये यात?" त्यांनी विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. "हे तुमी सांगितलं. आता कागद काय सांगतो ते वाचा." तो गठ्ठा वाचायला दोन तास लागले. मी मनात चरफडत होतो. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एकाही सरपंचाने मला असं बसवलं नव्हतं.

गावाला पाण्याची योजना नव्हती. बायका शेतातल्या विहिरींवरून पाणी आणायच्या आणि गावाबाहेरच्या नाल्यापलीकडे मजूर कुटुंबांची वस्ती होती, तिथल्यांना तर विहीरवाल्याची मर्जी सांभाळावी लागायची. सरकारी अनुदानातून योजना मिळू शकते असं मी एकदा सहज बोललो आणि अक्कांनी ते धरूनच ठेवलं. अर्ज, सर्वेक्षण, टाकीच्या जागेचं बक्षीसपत्र... जळगावच्या किती फेऱ्या झाल्या याची मोजदाद नाही. भाकरी-ठेचा बांधून पहाटेच्या गाडीने यायच्या, कचेरीच्या व्हरांड्यात बसून राहायच्या. ग्रामसभेचा ठराव लागणार होता. आमची जुनी रीत अशी की रजिस्टर घरोघर फिरवायचं आणि सह्या-अंगठे गोळा करायचे. अक्कांनी रजिस्टर काखेत मारलं. "सभा म्हंजे लोक बसले पाहिजेत," म्हणाल्या. तीन वेळा सभा बोलावली, दोनदा माणसंच जमली नाहीत. तिसऱ्यांदा त्या स्वतः नाल्यापलीकडे गेल्या आणि त्या बायकांना बरोबर घेऊन आल्या. गावच्या सभेत त्या बायका त्या दिवशी पहिल्यांदा बसल्या.

अनुदान मंजूर झालं, पहिला हप्ता आला, काम सुरू झालं. पाइपासाठी चर खोदला जात होता. एका दुपारी अक्कांनी मला बोलावून घेतलं, अंदाजपत्रकातलं ते पान काढायला लावलं. चराची खोली तीन फूट, असं त्यात होतं. नऊवारीचा ओचा खोचून त्या चरात उतरल्या आणि सरळ उभ्या राहिल्या. चराचा काठ त्यांच्या गुडघ्याखालीच राहिला. कंत्राटदाराचा मुकादम हसू दाबत होता. अक्का वर आल्या. दहा पावलं पुढे जाऊन परत उतरल्या. मग आणखी पुढे. अख्खा चर त्यांनी असा पालथा घातला, साठीच्या बाईने, चैत्रासारखं ऊन पडलेलं असताना... मुकादमाचं हसू केव्हाच मावळलं होतं.

मार्च संपत आला. टाकी उभी होती, पण नाल्यापलीकडचा पाइप पडायचा होता आणि उथळ चर तसेच पाइप टाकून बुजवले होते. कंत्राटदार पूर्णत्वाचा दाखला घेऊन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. एकतीस तारखेच्या आत दाखला गेला तर दुसरा हप्ता मिळेल, नाहीतर निधी परत जाईल. राहिलेलं काम एप्रिलमध्ये करून देतो. मलाही ते पटलं होतं. खरं सांगायचं तर सचिव म्हणून माझी सही मी आधीच करून ठेवली होती.

अक्कांनी दाखला वाचून घेतला. माझ्याकडे बघून विचारलं, "ही तुमची सही?"

"हो अक्का. सगळीकडे असंच करतात. गावाचंच नुकसान होईल."

"नाल्यापल्याड पाइप पडेल हाये का?"

"नाही."

"मंग खोडा."

आवाज चढलेला नव्हता. कंत्राटदार समोर बसला होता. मी पेन काढलं आणि स्वतःच्या सहीवर रेघ मारली.

निधी परत गेला. त्या उन्हाळ्यात गावात टँकर आला आणि गाव अक्कांवर उलटलं. हातातोंडाशी आलेलं पाणी या बाईने घालवलं, असं लोक तोंडावर बोलू लागले. त्यांचा मुलगा प्रमोद माझ्यासमोर म्हणाला, "माय, एका सहीनं तुहं काय जात होतं?" सरपंचाची कळशी आधी भरून द्यायला टँकरवाला तयार असायचा. पण अक्का रांगेच्या शेवटी उभ्या राहायच्या. पुढच्या बायका त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. कधी टँकर त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत रिकामा व्हायचा, मग रिकामी कळशी घेऊन परत जायच्या. हे मी पंचायतीच्या खिडकीतून रोज पाहत होतो... बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी उभं राहायचं धैर्य मला झालं नाही.

जून लागल्यावर त्यांनी मला एक पत्र लिहायला बसवलं. काम किती झालं, किती राहिलं, चर कुठे उथळ आहे, निधी का वापरता आला नाही, सगळं जसंच्या तसं. माझी खोडलेली सहीसुद्धा त्यात आली. मी म्हणालो, "अक्का, हे आपल्याच अंगावर येईल." त्या म्हणाल्या, "येऊ द्या. खरं हाये ना?" जळगावच्या कचेरीत एका वयस्कर अभियंत्याने ते पत्र उभ्या उभ्याच वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर खुर्चीत बसला. म्हणाला, "बाई, काम राहिलं म्हणून कोणी कळवत नाही. आम्हालाच शोधत फिरावं लागतं." पंधरा दिवसांत तो स्वतः आला, चर उकरून पाहिले. कंत्राटदाराला पाइप स्वखर्चाने काढून पुन्हा खोल टाकावा लागला. निधी पुन्हा मंजूर व्हायला सव्वा वर्ष गेलं, तेवढ्यात आणखी एक उन्हाळा टँकरवर निघाला. त्याच कंत्राटदाराच्या इतर कामांची पुढे चौकशी लागली आणि माझ्या ओळखीचे दोन ग्रामसेवक निलंबित झाले. माझी पेन्शन सुरळीत सुरू आहे. अक्कांनी त्याबद्दल मला कधी एका शब्दाने ऐकवलं नाही. मीही आभार मानले नाहीत. कोणत्या तोंडाने मानणार होतो?

पाणी आलं त्या दिवशी भाषणं नव्हती. अक्कांनी आधी नाल्यापलीकडचा व्हॉल्व्ह उघडायला लावला. त्यांचं स्वतःचं घर चढावर, तिथे धार बारीकच राहिली, अजूनही बारीकच आहे.

दशक्रियेच्या आदल्या दिवशी मी प्रमोदकडे मुक्कामाला होतो. सकाळी सातला पाणी सुटलं. घरातला नळ वाहू लागला होता, पण सून रंजना पायांत चपला घालून बाहेर निघाली. मी विचारलं तर प्रमोद म्हणाला, "माय रोज पाण्याच्या टायमाला वस्तीच्या शेवटच्या नळावर जायची. तिथे पाणी पोचलं का पाहायची, मगच आपल्या घरची कळशी लावायची. एक दिवस चुकवला नही. माय गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ही जाऊन राह्यली. कोणी सांगितलं नही तिले."

मी मागोमाग गेलो. नाला ओलांडून रंजना शेवटच्या घरापाशी थांबली. नळाखाली एक म्हातारी बसली होती.

"आलं का आजी पाणी?"

"आलं माय. जाय आता, तुही कळशी लाव."