हात बघून वाजणारी पेटी

भांडुपच्या आमच्या हायस्कुलात घंटा मारणारा आणि पेटी वाजवणारा माणूस एकच होता. लवू राऊळ. आम्ही सगळे त्यांना लवूमामा म्हणायचो. खाकी कोट, डोक्यावर काळी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. शाळेत येण्याआधी बावीस वर्षं त्यांनी कुर्ल्याच्या एका कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले होते. मग गिरणीने माणसं कमी केली आणि आमच्या हेडमास्तरांनी, रेगे सरांनी, त्यांना शिपाई म्हणून ठेवून घेतलं. चाळीतल्या भजनात त्यांची पेटी ऐकून सरांनी शाळेची पेटीही त्यांच्याकडे दिली. शनिवारी दुपारी शाळा सुटली की दोन बाकं भिंतीला सरकवायची, सतरंजी टाकायची, की झालं आमचं संगीत मंडळ.

त्या दोन तासांपुरता लवूमामा कोट काढून खुंटीला अडकवत. सदऱ्यातला माणूस वेगळाच दिसायचा. पाठ सरळ व्हायची. कोणी पोरगी कुजबुजली की पेटीवरचा हात न काढता म्हणायचे, "सुहासिनीबाय, घरातली भांडणां घराक. हय फकस्त गाणां." सुहासिनी आमची मुख्य गाणारी. तिला हे सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागे, आणि ती ऐकून घ्यायची. आईचंसुद्धा ऐकत नसे.

मी दुसऱ्या रांगेत गायचे. आवाज बरा, फार नाही. मंडळात माझी जागा खरं तर झांजेमुळे होती. ठेका चुकायचा नाही माझा.

एके दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी मला निरोप देऊन पाठवलं. लवूमामा पाण्याच्या पिंपाशी पाठमोरे बसून पेटी पुसत होते. मी हाक मारली. परत मारली. वाटलं, मुद्दाम करतायत. अगदी मागे जाऊन जोरात म्हटलं, "अहो मामा, सर बोलावतायत." काही नाही. मी खांद्याला हात लावला तसे ते असे दचकले की पेटी मांडीवरून घसरली. ती त्यांनी गुडघ्यांत पकडली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की मला कळलंय.

निरोप देऊन मी निघाले तर म्हणाले, "बस जरा, बाय."

साच्यांच्या आवाजाने कान गेले होते. शाळेत लागले तेव्हा थोडं ऐकू यायचं, मग तेही जात गेलं. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखायचे. घंटा घड्याळ बघून मारायचे. पेटीचं काय, तर बोटांना पट्ट्या पाठ होत्या आणि हनुवटी झाकणाजवळ आणली की सुरांची थरथर हाडात कळायची. पण मुली काय गातायत, पुढे पळतायत की मागे रेंगाळतायत, हे मात्र त्यांना कशातच कळत नव्हतं. इतके दिवस ते आमच्या तोंडांच्या हालचालीवर वाजवत आले होते.

"भयऱ्या माणसाक शाळा ठेवची नाय," ते म्हणाले. "कोणाक सांगा नको."

मी सांगितलं नाही. उलट शनिवारी झांज घेऊन पुढच्या रांगेच्या टोकाला, त्यांच्या समोर येऊन बसले. आमच्या खुणा ठरल्या. झांज छातीपाशी म्हणजे सुरू करा. वर गेली की मुली पळतायत, आवरा. खाली आली की मुली मागे पडतायत, भाता जोरात मारून त्यांना ओढा. डाव्या हाताचं बोट फिरवलं की ओळ पुन्हा. बघणाऱ्याला वाटे, मुलगी हौसेने झांज वाजवतेय. दोन-तीन महिन्यांत आमचं इतकं जमलं की मामांची नजर पट्ट्यांवरून पार उठली. वाजवताना ते फक्त माझा हात बघायचे. थांबा, अशी खूण मात्र आम्ही ठरवलीच नव्हती. गाणं संपलं की पेटी संपणार, मध्येच थांबायचं कशाला?

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर रेगे सरांनी मंडळाला जमवून सांगितलं की पुढच्या वर्षापासून शाळेत संगीताचा तास सुरू होणार आणि त्याला शिक्षक नेमायचा आहे. संस्थेला परीक्षा पास झालेला माणूस हवा होता. सर लवूमामांसाठी भांडले होते. शेवटी असं ठरलं, की घाटकोपरच्या समूहगीत स्पर्धेत बक्षीस आणलं तर नेमणूक लवू राऊळ यांची, नाहीतर जाहिरात द्यायची.

मामांनी हे सगळं सरांच्या ओठांवरून वाचलं आणि खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ऑफिसातले हेडक्लार्क, नंदकिशोर काळे, त्यांना येताजाता टोचायचे. मास्तर झालात की घंटा कोण मारणार, आम्ही का, वगैरे. मामा हसायचे. निम्मं कळायचं नाही, पण टोमणा आहे हे चेहऱ्यावरून कळायचं. विमलामामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चाळीत कोणाला बोलायचं नाही असं बजावून अख्ख्या चाळीला सांगितलं होतं. मामांना एक पांढरा कोट शिवायला टाकला होता. मास्तरांचा.

स्पर्धेच्या दिवशी घाटकोपरचं ते सभागृह गच्च भरलेलं. आमच्या आधी चार शाळा होत्या. मामा पडद्यामागे पेटी सतरंजीवर मांडून, झाकण उघडून, सरांना शोधायला गेले. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. मुलींची धांदल. विमलामामींनी घरून पूजेची पुडी दिली होती, ती माझ्या हातात होती. वाद्याची पूजा केल्याशिवाय वाजवायचं नाही, हा मामांचा नेम. एरवी ते स्वतः करायचे. झाकण लावून, झाकणावरच हळदकुंकू, फूल आणि चार अक्षता. झाकण का लावतात हे मी कधी विचारलं नव्हतं. वाटायचं, पद्धत असेल.

मी उघड्या पेटीची पूजा केली. हळदकुंकू लाकडाला लावलं, फूल कडेला ठेवलं आणि डोळे मिटून अक्षता पट्ट्यांवर वाहिल्या. चांगल्या मूठभर. मामांना बक्षीस मिळू दे म्हणून. मग फुंकर मारून तांदूळ उडवले. सगळे उडाले असं वाटलं.

कोणीतरी मामांना हाताला धरून आणून बसवलं आणि पडदा वर गेला. मी झांज छातीपाशी आणली.

पहिलं कडवं सुरेख झालं. सुहासिनीचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की पुढच्या खुर्च्यांवरची माणसं डोलायला लागली. आमचा सा काळी चार पट्टीचा. तिच्या लगतची पांढरी पट्टी आमच्या गाण्यात कुठेच नव्हती. दुसऱ्या कडव्यात मामांनी काळी चार दाबली आणि सोडली, ती वर आली. शेजारची पांढरी मात्र तिच्याबरोबर खाली गेली आणि तिथेच राहिली. फटीत तांदळाचा एक दाणा अडकला होता.

तो सूर वाजायला लागला. सा च्या अंगाला घासणारा, बेसूर, सलग. एखादं जनावर रडावं तसा. मला वाटलं, जाईल. गेला नाही. सुहासिनीने वर जाऊन तो टाळायचा प्रयत्न केला, तिचा आवाज फाटला. मागच्या मुली अडखळल्या. प्रेक्षकांत कोणीतरी हसलं.

मामा माझ्या हाताकडे बघत होते. त्या पट्टीवर त्यांचं बोट पडायचं कारण नव्हतं. पेटी हातांखाली थरथरत होती, ती तर नेहमीच थरथरायची.

मी झांज खाली ठेवली. थांबा, असं म्हणायचं होतं मला. त्यांना दिसलं ते एवढंच, की हात खाली आला, मुली मागे पडल्या. त्यांनी भाता जोरात मारायला सुरुवात केली. तो सूर दुप्पट मोठा झाला. एकेक मुलगी गायची थांबली. सुहासिनी शेवटी थांबली आणि तोंडावर हात धरून आत पळाली. तरी मामांची मान माझ्याकडेच. मी हात उचलत नव्हते, म्हणून ते आणखी जोर लावत होते. आता सगळं सभागृह हसत होतं, मागून शिट्ट्या येत होत्या, आणि सरळ पाठीचा एक माणूस अगदी मन लावून पेटी वाजवत होता.

मी उठून त्यांचा हात धरायला हवा होता. चार पावलांवर होते ते. मी मान खाली घातली.

पडदा पाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी रेगे सरांच्या खोलीत मामा, काळे आणि मी. मला बोलावलं होतं ते समोर बसणारी म्हणून. काय झालं ते नीट सांगेन म्हणून. पेटी टेबलावर होती. काळ्यांनी चिमट्याने दाणा काढून कागदावर ठेवला होता.

सर म्हणाले, "दाणा अडकू शकतो. ते मी समजू शकतो. पण पाच मिनिटं सूर बोंबलतोय आणि वाजवणाऱ्याला पत्ता नाही, हे कसं?" मग त्यांनी विचारलं, "लवू, तुला ऐकू येतं ना?"

"येता, साहेब."

"खिडकीकडे तोंड कर."

मामा वळले. मी खिडकीच्या कडेलाच उभी होते. सर त्यांच्या मागे, चार हातांवर. त्यांनी हळूच हाक मारली, "लवू."

मला विचार करायला वेळ नव्हता. की होता, आणि मी केलाच नाही? माझा हात आपोआप छातीपाशी गेला. मामांनी तो पाहिला आणि ते सावकाश मागे वळले.

"जी, साहेब?"

सरांनी आणखी एकदा करून पाहिलं. तेही जमलं. सरांचा चेहरा मोकळा होईल असं मला वाटलं होतं. तो उलट आवळला. ते खुर्चीत बसले.

काळे म्हणाले, "मी म्हणालो होतो ना, साहेब. कान शाबूत आहेत. मग उरलं काय?"

तेव्हा दारूबंदी होती. नुसत्या वासावरून माणसं आत जायची. सरांनी मामांना विचारलं, प्यायला होतास का. मामांनी ओठ वाचले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या त्या दाण्याकडे बघत राहिले.

"व्हय, साहेब," ते म्हणाले. "घेतली होती थोडी."

सर वाईट माणूस नव्हते. पोलिसात देत नाही म्हणाले, यावेळी पोटात घालतो, पण लेखी दे. काळ्यांनी मजकूर लिहिला. मद्यप्राशन करून शाळेची अप्रतिष्ठा केली, पुन्हा असं घडणार नाही. मामांनी एकेक अक्षर लावून तो वाचला आणि सही केली. घंटेची नोकरी राहिली. पेटीची किल्ली काढून घेतली.

काळ्यांच्या पोटात काही राहत नसे. आठवडाभरात चाळीत कळलं. चाळीच्या भजनी मंडळाने, जिथे मामा वीस वर्षं वाजवत होते, त्यांना सांगितलं की माळ घालून पिणाऱ्याला इथे जागा नाही. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. माळ उतरवून देवापुढे ठेवली.

हे मला विमलामामींनी सांगितलं. बाजारात गाठून. माझा अक्षतांचा पराक्रम त्यांना माहीत होता, खिडकीपाशी मी काय केलं तेही. मला वाटलं होतं, त्या माझे आभार मानतील.

"त्यांका भयरो म्हणान काढल्यानी असते," त्या म्हणाल्या, "तर मी चार घरची भांडी घासलंय असतंय. नोकरी गेली तर दुसरी गावता गो. माळ परत मी खयसून आणू?"

दुसऱ्या दिवशी मी घंटेपाशी गेले आणि मामांना, नीट ओठ हलवून, सांगितलं की मी सरांना सगळं खरं सांगणार. अक्षता, झांज, खिडकी, सगळं. ते घड्याळाकडे बघत होते. दोन मिनिटं बाकी होती.

"माझी नोकरीची सहा वर्षां रवलीत," ते म्हणाले. "धाकट्या चेडवाचा लगीन होवचा हा. मगे खुशाल सांग. आता गप रव."

धाकट्या मुलीच्या लग्नावर विषय संपवून त्यांनी घंटा मारली. मी वर्गात गेले. जूनमध्ये संगीताचे नवे शिक्षक आले, परीक्षा पास झालेले. त्यांच्या तासाआधी पेटी उचलून वर्गात नेऊन ठेवायचं काम लवूमामांचं होतं. मी मंडळात परत गेले नाही.

मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले, नाटकांत कामं करू लागले. सहा वर्षं पुरी व्हायला दोन-अडीच बाकी होती. एकोणसाठच्या ऑगस्टमध्ये भांडुपच्या फाटकाजवळ रूळ ओलांडताना मामा मालगाडीखाली आले. सकाळची वेळ, लख्ख उजेड. ड्रायव्हरने शिट्टीवर शिट्टी दिली होती असं फाटकवाल्याने पंचांना सांगितलं. हा माणूस एकदाही मागे वळला नाही.

कळलं तशी मी शाळेत गेले. रेगे सर तोवर निवृत्त होऊन पुण्याला गेले होते. काळे त्याच खुर्चीत होते. समोर लवूमामांची फाईल, तिच्यात तो कागद.

"सकाळी सकाळीच घेतली असणार," काळे म्हणाले. "जुनी सवय."

मी म्हटलं, "काळेसाहेब, ते बहिरे होते. स्पर्धेच्या कितीतरी आधीपासून. सरांनी हाक मारली तेव्हा मी हाताने खूण केली होती, म्हणून ते वळले. दारूचा थेंब त्यांनी कधी घेतला नाही."

काळ्यांनी चष्मा काढला. मग फाईल मिटली आणि तिची नाडी बांधायला घेतली.

"त्यांची सही आहे, बाई," ते म्हणाले. "तुमची कुठे आहे?"