सिस्टर आणि अंबाडीचा रस्ता

सिस्टर मॅरेथॉनचा सराव पंजाबी ड्रेसवर करायच्या. ओढणी छातीवरून तिरकी घ्यायची, कमरेला गच्च गाठ मारायची आणि निघायचं. पायात मात्र नामांकित कंपनीचे, व्यवस्थित मापाचे बूट. भल्या पहाटे भिवंडीतल्या टेमघरच्या रस्त्याला नवखा माणूस असला तर तो वळून बघायचाच. वयाची पन्नाशी ओलांडलेली, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातलेली एक बाई ओढणी बांधून एका लयीत पळत चालली आहे, घाई नाही, धाप नाही. मी एकदा म्हटलं होतं, "सिस्टर, ट्रॅकपँट घ्या ना एखादी." त्या म्हणाल्या, "कपड्यांना कुठं पळायचंय? पळायचंय पायांना. त्यांना दिलेत ना चांगले बूट."

त्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत. सरकारी दवाखान्यात नोकरी. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी स्मिता नोकरीसाठी नाशिकला. दारावर आडनावाची पाटी होती, बाबासाहेबांची तसबीर उघड्या दारातून दिसायची. पण त्यांना नावानं किंवा आडनावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. लहानथोर सगळे सिस्टरच म्हणत.

त्यांचं पळणं सलग असं कधी व्हायचंच नाही. रात्रपाळी संपवून लूमवरची, म्हणजे यंत्रमागांवरची माणसं चहाच्या टपरीवर बसलेली असत. त्यांतला एखादा दिसला की सिस्टर पाय थांबवायच्या, तोंड आधीच सुरू झालेलं असे. "चाचा, शुगर चेक किया?"

"कल जाता हूँ सिस्टर."

"कल कल करते पाँव में जखम होगी, फिर रोते आओगे मेरे पास." चाचा हसायचे, टपरीवाला हसायचा, आणि सिस्टर पुढे. थोडं अंतर गेलं की एखादी बाई कडेवरचं पोर घेऊन उभी. मग त्याचा लसीचा दंड बघायचा. मॅरेथॉनच्या सरावात असं थांबून चालत नाही, हे मला तेव्हा वाचून वाचून ठाऊक झालं होतं. मी तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मॅरेथॉन एक दिवसाची. हा रस्ता रोजचा."

मी त्यांच्याबरोबर पळायला लागले ती माझ्या इच्छेनं नव्हे. आदल्या वर्षी सातव्या महिन्यात आमचं बाळ गेलं होतं. मुलगी होती. पोटातच गेली. ऑपरेशन करावं लागलं, माझी स्वतःची तब्येत बरेच दिवस धड नव्हती. पुढे मी कॉलेजच्या ऑफिसातल्या नोकरीवर परत गेले, घरचं सगळं करू लागले, त्यामुळे मी सावरले असं सर्वांना वाटलं. सासूबाईंनी कपाटातली लहान झबली, दुपटी मी दवाखान्यात असतानाच कुठेशी नेऊन ठेवली. मला त्रास नको, हाच त्यांचा हेतू. महेश, माझा नवरा, माझ्याशी गिझरबद्दल बोले, पाहुण्यांबद्दल बोले, दुधाबद्दल बोले. मीही तेवढंच बोले. त्या एका गोष्टीभोवती आम्ही सगळे पाय न वाजवता वावरत होतो.

अशात एका संध्याकाळी सिस्टरनी बेल वाजवली. "उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर यायचं. मी एकटी असले की कुत्री अंगावर येतात." दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर गल्लीतली कुत्री शेपट्या हलवत त्यांच्या मागे चालली होती. मी तरी त्यांच्या मागोमाग निघाले.

त्यांचा नियम एकच होता. बोलता येईल एवढ्याच वेगानं पळायचं. "बोलणं तुटलं म्हणजे दम तुटला. लगेच वेग कमी." या नियमामुळे त्या सतत प्रश्न विचारत. काल भाजी काय केली, कशी केली, ऑफिसातले साहेब आज कोणावर डाफरले. सुरुवातीला मी 'हो', 'नाही' एवढंच म्हणत असे. मग त्या म्हणत, "हा दम मोजता येत नाही. मोठं उत्तर दे." हळूहळू मी भरल्या वांग्यांची कृती सांगू लागले, साहेबांच्या नकला करू लागले. पावसाळा संपून हवा कोरडी झाली तोवर आम्ही दोघींनी मुंबईतल्या एका मॅरेथॉनसाठी नावं दिली होती. माझं अर्धीसाठी, त्यांचं पूर्ण मॅरेथॉनसाठी. स्मिता फोनवरून चिडली होती. "या वयात कशाला हे, आई?" सिस्टरनी तिला सांगितलं, "या वयाच्या पुढचं वय आलं की मग जमणार न्हाय म्हणून."

स्पर्धेआधीचा सर्वांत कठीण आठवडा आला. त्यानंतर हळूहळू पळणं कमी करायचं असतं, म्हणून तो आठवडा भरगच्च. सिस्टरनी दवाखान्यातल्या मैत्रिणींशी ड्युट्या बदलून घेतल्या होत्या, कारण रविवारी त्यांना सर्वांत लांब पळायचं होतं. वाडा रोडनं अंबाडी गावाच्याही पुढे जाऊन परत. मी अंबाडीपर्यंत जाणार आणि तिथून एसटीनं येणार, असं ठरलं. सोमवारी आराम, म्हणजे सिस्टर मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसल्या आणि मलाही बसवलं. मंगळवारी सावकाश पळणं. बुधवारी उड्डाणपुलाचा चढ, पुन्हा पुन्हा. वर जाताना त्या पुलावरच्या ट्रकवाल्यांना हात करत. गुरुवारी माझ्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या.

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. बाकीचे दिवस कानाला ती खटखट इतकी सवयीची असते, की शुक्रवारची शांतता अंगावर येते. आम्ही गल्ल्यांमधून हलक्या पावलानं पळत होतो. आमच्याच बुटांचा आवाज येत होता. सिस्टरनी भाजीबद्दल विचारावं तशा आवाजात विचारलं, "वर्षा, तुमच्या बाळाचं नाव ठरवलं होतंत का गं?"

माझा वेग वाढला. छाती फुटेस्तोवर पळत मी एकटीच घराच्या फाटकाशी पोचले आणि वर निघून गेले. असला प्रश्न कोणी विचारतं का? दिवसभर ऑफिसात मी धुमसत होते. शनिवारी सकाळी मी खाली उतरलेच नाही.

शनिवारी संध्याकाळी सिस्टर दारात आल्या. चुकलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. "उद्या अंबाडी. पाण्याची बाटली भरून ठेव. यावंसं वाटलं तर ये." एवढं बोलून त्या जिना उतरल्या.

मी गेले. का गेले ते सांगता येणार नाही. पाच महिन्यांचा सराव वाया जाईल, असं मी स्वतःला बजावलं होतं. शहर मागे पडलं, गोदामांच्या रांगा सुरू झाल्या. कंटेनर उभे होते, चालक केबिनमध्ये झोपलेले. त्या दिवशी सिस्टर काही विचारत नव्हत्या. कितीतरी वेळ आम्ही नुसत्या पळत होतो. गोदामं संपली, दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं लागली, अंगावर गार वारा आला आणि माझ्या तोंडून निघालं, "रेवा."

सिस्टरनी मान हलवली. पाय तसेच चालू. "छान हाय," त्या म्हणाल्या. "कोणी सुचवलं?"

"महेशनं. मला आधी आवडलं नव्हतं." आणि मग मला पुढे पळता येईना. दम पुरेना म्हणून नव्हे. रस्त्याकडेला मोरीचा बुटका कठडा होता, त्यावर आम्ही बसलो. मी खूप रडले. सिस्टरनी पाठीवरून हात फिरवला नाही, उगी उगी केलं नाही. शेजारी बसून राहिल्या. मग विचारलं, "दिसायला कशी होती?"

"मी पाहिलंच नाही. मला शुद्ध नव्हती. महेशनं घेतलं होतं तिला हातात."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. रागावल्या की त्यांच्या तोंडी खारबावकडची माहेरची बोली जास्तच येई. "म्हंजे तुझ्या घरात एक माणूस हाय, ज्यानं तिला बघितलंय. आन् तू त्याला एकदाबी विचारलं न्हाय?"

मी मान खाली घातली. "त्याला वाईट वाटेल म्हणून."

"त्याला काय आता बरं वाटतंय?"

त्या दिवशी अंबाडी आलीच नाही. मी म्हणत होते, तुम्ही पुढे जा, मी एसटीनं जाते. पण त्या ऐकेनात. वाड्याहून येणारी गाडी हात दाखवून थांबवली आणि मला घेऊन परत आल्या. ज्या रविवारसाठी त्यांनी एवढी जुळवाजुळव केली होती, तो तिथेच संपला. पुढे तशी सुट्टी त्यांना मिळाली नाही.

घरी महेश वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी बूटही न काढता त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, "रेवा कशी दिसत होती?" त्यानं पेपर खाली ठेवला. मग म्हणाला, "केस खूप होते गं. काळेभोर. आणि कपाळ तुझं." त्यानं तिला किती वेळ घेतलं होतं, तिची बोटं कशी होती, खिडकीशी नेऊन तिला उजेड कसा दाखवला होता, सगळं सांगितलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या आत गेल्या, माळ्यावर कुठेशी ठेवलेलं झबल्या-दुपट्यांचं गाठोडं काढून घेऊन आल्या आणि आमच्याजवळ बसल्या. त्या दिवशी आमच्याकडे दुपारचं जेवण झालं नाही. पण घर पुन्हा घर झालं ते त्या दुपारपासून.

सिस्टर निवृत्त झाल्या त्यालाही आता बराच काळ झाला. निवृत्तीनंतर स्मिता त्यांना नाशिकला बोलवत होती, त्या आज-उद्या करत होत्या. गेल्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. पंधरवडाभर त्या दवाखान्यात पडून होत्या. तिथूनही शेजारच्या खाटेवरच्या बाईला गोळ्यांच्या वेळा सांगत होत्या. आणि मग गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. वंदना झाली, लोक बोलले, पांगले. मी भांडी आवरायला थांबले होते. स्मिता माझ्याजवळ येऊन बसली. तिला काहीतरी विचारायचं होतं, ते दिसत होतं.

"ताई, आईनं ती मॅरेथॉन खरंच पूर्ण केली होती का? नेटवर तिच्या नावापुढे काही नाही. ती म्हणायची, केली. मी भांडले होते ना तिच्याशी, म्हणून मला वाटायचं, उगाच मला दाखवायला म्हणते."

मी हात पुसले आणि तिला सांगितलं.

अर्ध्या मॅरेथॉनवाल्यांना एका चौकात वळायचं होतं, पूर्णवाल्यांना सरळ. तिथवर आम्ही बरोबर होतो. "जा तू, माझं अजून बरंच हाय," असं म्हणून तुझी आई सरळ गेली. मी माझं संपवून शेवटच्या कमानीजवळ थांबले. ऊन चढलं. ठरलेली वेळ संपली, तशा वेळ मोजायच्या चटया गुंडाळल्या गेल्या. कमान उतरली. स्वयंसेवक म्हणाले, मॅडम, सगळे आले, आता कोणी नाही. रस्ता गाड्यांना मोकळा झाला. मी तरी थांबले. खूप वेळानं समोरच्या फुटपाथवर ती दिसली. एक गुडघा आखडलेला होता, तरी पळत होती. सिग्नल लाल होता, तर तुझी आई तिथे थांबली. कमरेवर हात ठेवून, सगळ्या गाड्या जाईपर्यंत. हिरवा झाल्यावर रस्ता ओलांडला आणि पुन्हा पळायला लागली. मी हाक मारली, तिनं हात केला, पण माझ्याकडे आली नाही. मंडपाचे बांबू सोडणाऱ्या माणसाला तिनं विचारलं, "भाई, खतम किधर होता था?" त्यानं बोटानं रस्त्यावरची एक जागा दाखवली. ती तिथवर पळत गेली. दोन्ही पाय त्या जागेच्या पलीकडे टाकले, खाली पाहून खात्री केली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं गं. आता बसते."