वासावरून मीठ

आमच्या पुण्याच्या घरात स्वयंपाक करताना चव बघायची नाही, असा नियम होता. आधी देवाला नैवेद्य, मग माणसांना. आमटीला उकळी फुटली की आई पातेल्यावर वाकायची, एक मोठा श्वास घ्यायची आणि सांगायची, "मीठ कमी आहे." ते कमीच असायचं. हे कसब माझ्यात उतरलं, याचा मला भारी गर्व. आल्मेरे या डच शहरात बारा वर्षं काढली, पण शिजवताना चमचा कधी जिभेला लावला नाही.

हा गर्व ऐकून घेणारी हक्काची व्यक्ती म्हणजे माझी कॉलेजची मैत्रीण. ती मास्ट्रिख्टला विद्यापीठात संशोधन करते, एकटी राहते. आगगाडीने अडीच-तीन तासांचं अंतर, पण दहा वर्षांत आम्ही चार वेळा भेटलो असू. मग कोरोनात सरकारने भेटायला बंदी घातली आणि आम्ही दर रविवारी व्हिडिओवर दोन-दोन तास बोलायला लागलो. आपली जातच तशी, नको म्हटलं की हवंच.

बोलायचो काय, तर आपापली घरं. तिचं घर कोल्हापूरचं. तिची आई, म्हणजे काकू, रस्सा तळहातावर घेऊन दहादा चाखणार आणि दहाही वेळा शिव्या घालणार, कधी तिखटाला, कधी गॅसला. दारात म्हैस, अंगणात दोन कुत्री, माजघरात मांजर. आमच्याकडे जनावराचा संबंध गोग्रासापुरता, तोही गाय सापडली तर. "तुमच्याकडे देव जेवतात, आमच्याकडे माणसं," ती म्हणायची. मी म्हणायचे, "म्हणून तुमच्याकडे आवाज जास्त." कॉलेजात असताना मी सुट्टीत तिच्या घरी आठ-आठ दिवस राहिलेली. काकू मला लेकीसारखंच झोडपून बोलायच्या, ते मला फार आवडायचं.

संचारबंदी लागली तेव्हा रात्री नऊनंतर फक्त कुत्रेवाल्यांना बाहेर पडता येई. तेवढ्यासाठी या बाईने कुत्रा पाळला. त्याच्याशी ती मराठीत बोलते. "तुझी लेक मराठी कळून डचमध्ये उत्तर देते, माझा कुत्रा डच असून मराठीत ऐकतो. संस्कार कुणाचे चांगले?" असं तिने एका रविवारी विचारलं आणि मी पुढचा अर्धा तास फुगून होते.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात काकू घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्या अंथरुणाला खिळल्या. देखभालीला एक मावशी ठेवल्या. मायलेकींची भेट होऊन दोन वर्षं उलटली होती. शेवटी ऑक्टोबरात मैत्रिणीला तीन आठवड्यांची रजा मिळाली, तिकीट मिळालं, टेस्ट निगेटिव्ह आली. विमान रविवारी दुपारचं. शनिवारी ती कुत्रा घेऊन आमच्याकडे येणार, मुक्काम करणार, कुत्रा आमच्या गळ्यात बांधून स्किपोल विमानतळावर जाणार, असं ठरलं.

मी सकाळपासून कंबर कसली. आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरी, सगळं साग्रसंगीत. जरा सर्दी वाटत होती, पण ऑक्टोबरात या देशात सर्दी नाही असा माणूस दाखवा. आमटीवर वाकले, मीठ कमी वाटलं. घातलं. पुन्हा वाकले, अजून कमीच. पुन्हा घातलं. भाजीचंही तेच. नैवेद्य दाखवला, देवांनी तक्रार केली नाही.

पानं मांडली. मी वाढायला उभी, कारण वाढणारीने मागाहून बसायचं, ही आमची आणखी एक थोर परंपरा. माझ्या आठ वर्षांच्या लेकीने पहिला घास घेतला आणि डचमध्ये ठणकावून सांगितलं, खारट आहे! मी डोळे वटारले. "पानात पडेल ते मुकाट्याने खायचं. नावं ठेवायची नाहीत." नवऱ्याने तांब्या जवळ ओढला. मैत्रीण म्हणाली, "काहीतरीच काय, फक्कड झालीय आमटी!" आणि सिद्ध करायला आणखी वाटीभर घेतली. मी आग्रह केला, तिने तिसऱ्यांदा घेतली. मला आई आठवली, ऊर भरून आला.

जेवण आटोपून ती कुत्र्याला फिरवायला गेली आणि मी पानावर बसले. घास घेतला. खारट नाही, तिखट नाही, काहीच नाही. लोणचं चाटलं. नाही. उठून हिंगाची डबी नाकाला लावली. छे! घरात स्वतः करायच्या टेस्टचं खोकं होतं. बाथरूमला कडी लावून बसले. पंधरा मिनिटं लागलीच नाहीत, दोन रेघा लगेच उमटल्या.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो पट्टी कचऱ्यात पुरायचा. तिची टेस्ट कालच झालीय. लसी झाल्यात. सर्दीच असेल म्हणू. दोन वर्षांनी भेटतायत मायलेकी, मी कोण मध्ये पडणारी? मग डोळ्यांपुढे काकू आल्या. शहात्तर वर्षांच्या, पलंगावर, आणि लेक त्यांच्या गळ्यात पडतेय. मी कडी काढून वर पळाले.

ती परत येताना दिसली तशी मी वरची खिडकी उघडून ओरडले, "अगं, थांब तिथेच! मला झालाय." आमच्या गल्लीत एवढ्या मोठ्याने कुणी बोलत नाही. समोरच्या आजोबांनी पडदा सरकवला.

ती आधी हसली. मग म्हणाली, "तरीच."

"तरीच काय?"

"आमटी. तोंडात धरवत नव्हती."

"मग बोलली का नाहीस? तीन वेळा घेतलीस, बये!"

"तू एवढं मायेनं वाढत होतीस. आणि दुसऱ्याच्या घरी पानाला नावं ठेवली, तर आई तंगडं मोडेल माझं."

हे म्हणताना तिचा आवाज फाटला आणि ती तिथेच रस्त्याच्या कडेला बसली. पहिल्या घासाला बोलली असती, तर तिथेच दारं-खिडक्या उघडून तिला बाहेर काढलं असतं. निदान तासभर माझा श्वास तिच्या पानावर पडला नसता. बोलली होती फक्त माझी पोर, आणि तिला गप्प मीच केलं होतं. त्या घटकेला मला आमच्या दोन्ही घरांच्या संस्कारांचा मनस्वी राग आला.

तिकीट रद्द झालं, उरलेल्या रजेत दुसरं मिळेना. ती कुत्र्यासह आमच्या माळ्यावर दहा दिवस राहिली. नवरा अंडी आणि ब्रेड जिन्यात ठेवायचा. शेवटी तिला झालाच नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही. सगळ्या घरात मला एकटीलाच. म्हणजे ती गेली असती तरी चाललं असतं. हे आम्ही दोघींनी मनात म्हटलं, मोठ्याने कुणी नाही.

अकराव्या दिवशी काकूंचा फोन आला, थेट मला.

"काकू, मी चुकले का हो?"

"चुकलीस कशाला? शहाण्यागत वागलीस. मीबी तेच केलं असतं." मग म्हणाल्या, "पर पोरी, ती येणार म्हनून दोन दिस आधीच मी मावशीकडनं न्हाऊन, वेणी घालून घेतली हुती. नवी साडी नेसून पडून ऱ्हायले. आता ह्यो राग मी काढू कुणावर? देवावर काढून दमले."

"माझ्यावर काढा."

आणि त्यांनी काढला. वीस मिनिटं. माझ्या शिकल्यासवरल्या अकलेपासून मी राहते त्या देशापर्यंत काही सोडलं नाही. मी फोन कानाला लावून जिन्यात बसून रडत होते, आणि खरं सांगते, त्यांनी थांबू नये असं वाटत होतं. बोलून बोलून त्यांना धाप लागली. मग अगदी हळू विचारलं, "आता कवा येती गं ती?"

ख्रिसमसची तिकिटं कधीच संपली होती. पुढची रजा थेट मार्चमध्ये होती आणि हे आईला सांगायचा धीर मैत्रिणीला झाला नव्हता. "लवकरचंच बघतेय, काकू," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग वेणी ऱ्हाऊ दे तशीच."