मानाची खुर्ची

आमच्या हेडमास्तरांइतका सज्जन माणूस मी पाहिला नाही आणि त्यांच्याइतकं माझं डोकंही कुणी खाल्लं नाही. मोताळ्याजवळच्या त्या गावात आम्ही दोघेच मास्तर, इयत्ता चार आणि खुर्ची एक. तपासणीला आलेले डिपटी साहेब सांगून गेले की छडी कमी करा, मुलांना शाबासकी देऊन वळण लावा. झालं! हेडमास्तरांनी छडी आढ्यात खोचली आणि बेत काढला. आठवडाभर जो सगळ्यांत चांगला वागेल त्याने शनिवारी प्रार्थनेच्या वेळी खुर्चीवर बसायचं. मास्तर उभे, विद्यार्थी खुर्चीत.

पहिला मान कुणाचा याबद्दल आमचं दुमत नव्हतं. दुसरीत एक माळ्याची मुलगी होती. वेळेवर येणार, खरं बोलणार, पहिलीतली पोरं रडली तर त्यांची नाकं स्वतःच्या परकराने पुसणार. तिचा बाप भाजीचा मळा करायचा, थोडी कपाशीही होती. तो मला स्पष्टच म्हणाला होता, "गुर्जी, खुर्चीवर बसली त शिकू देतो. नाही त दसरा झाला का वेचनीले नेतो."

शुक्रवारी पाटील शाळेच्या ओट्यावर येऊन बसले.

"मास्तर, पोयाच्या दिवशी तोरनाखालून पयला बैल कोनाचा जाते?"

"तुमचा."

"मंग? हे बी सांगा लागते काय तुमाले?"

त्यांच्या नातवाने त्याच आठवड्यात पिण्याच्या पाण्याच्या रांजणात बेडूक सोडला होता. शनिवारी तो खुर्चीवर बसला, पाय हलवत. नंतर पाटलांचे भाऊबंद आले. पोळ्याच्या रांगेतला आपला नंबर प्रत्येक घराला पाठ, त्याच क्रमाने त्यांची पोरं खुर्चीवर! मी हेडमास्तरांशी कडाकडा भांडलो. ते म्हणाले, "गाव दुखवून शाळा चालत नाही हो." मुलांनाही कळून चुकलं की कसंही वागलं तरी पाळी येणारच, मग तर विचारूच नका. शाळेत इतका दंगा मी छडीच्या काळातही पाहिला नव्हता. आणि ती मुलगी मात्र दर शनिवारी परकर नीट करून पहिल्या रांगेत बसायची. मी दर शनिवारी तिला सांगायचो, "पुढच्या वेळी तूच." माझीच मला चीड यायची.

दसरा झाला. कपाशी फुटली. एका शनिवारी बाप फाटकाशी येऊन उभा राहिला. "आज शेवटचं, गुर्जी," एवढंच म्हणाला.

हेडमास्तर तालुक्याला गेले होते. मी म्हटलं, गेलं गाव खड्ड्यात. भर प्रार्थनेला मी तिचं नाव पुकारलं. ती उठली, खुर्चीपाशी आली आणि थांबली.

"बस."

"गुर्जी, पाटलाच्या वाड्यातले दोघं बाकी हायेत अजून," ती हळूच म्हणाली. "त्यायच्या आंधी मी कशी बसू?"

"अगं, तुझाच मान आहे! बस!"

ती जागची हलली नाही. बाप बघत होता, सगळी शाळा बघत होती, आणि माझा तोल सुटला. "बस म्हणतो ना!" मी ओरडलो.

ती बसली. खुर्चीच्या पायाशी, जमिनीवर, मांडी घालून, हाताची घडी घालून. पाठ ताठ.

बाप आत आला. "चाल व बाई," म्हणून त्याने तिचा हात धरला. मी त्याला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही.

फाटकाशी तिने हात सोडवून घेतला, मागे वळली आणि मला वाकून नमस्कार केला. घरी जाताना गुरुजींना नमस्कार करायचा, हे तिला मीच शिकवलं होतं.