अर्धं ठेवलेलं पुस्तक

कळवणजवळचं आमचं गाव सोडून नाशिकला मुलाकडे निघाले तेव्हा सामान थोडंच होतं. दोन गाठोडी, एक पत्र्याची पेटी. श्रावणातली पोथी पेटीत ठेवली होती, ती ऐनवेळी काढून देवघरात परत ठेवली. पोथी घराची, माझी नाही. धाकटी जाऊ कमळ दारात उभी होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "अक्का, आता पोथी कोन वाचंल?"

"गावात एवढ्या शिकलेल्या पोरी आहेत."

"त्या मोबाइल वाचत्यात."

मी चौथी पास. माझ्या वयाच्या बायकांत तेवढं शिकलेली मी एकटीच, म्हणून चाळीसेक श्रावण मीच वाचलं. बाकीच्या वाती वळत ऐकायच्या. वाचायचं तर आंघोळ करून, मोठ्यानं, आणि सुरू केलेलं अर्धं सोडायचं नाही, एवढंच मला ठाऊक. सासू म्हणायची, "पोथी अर्धी ठेवली तर देव दारात ताटकळतो."

नाशिकला सहाव्या मजल्यावर फ्लॅट. मुलगा-सून सकाळीच कामाला जातात. सुनेनं चौकातल्या वाचनालयात माझं नाव घातलं. पहिली कादंबरी मी रीतसर आंघोळ करून, समोर दिवा लावून उघडली. दुसऱ्या प्रकरणात नायक मित्राच्या बायकोला घेऊन पळाला. मी दिवा उचलून ओट्यावर ठेवला. पण सुरू केलेलं सोडायचं कसं? दोन महिने रोज मोठ्यानं वाचत ती संपवली. माणूस कवडीच्या लायकीचा नव्हता आणि लेखकाला त्याचं केवढं कौतुक! शेवटी फलश्रुती शोधली. हे वाचल्यानं काय मिळतं ते कुठं लिहिलेलंच नव्हतं.

वाचनालयातल्या बाई हसल्या. "आजी, आवडलं नव्हतं तर परत का नाही आणलंत?"

"अर्धं?"

"अर्धं. लोक तर चार पानं वाचून आणून देतात."

सत्तर वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मग मी सुटलेच. मधमाश्यांवरचं पुस्तक नेलं, धरण कसं बांधतात ते नेलं, एका नर्सच्या आठवणी, खुनाच्या गोष्टी. भुतांचं पुस्तक सातव्या पानावर परत केलं, आमच्या विहिरीवरची भुतं त्याहून बरी होती. मनातल्या मनात वाचायलाही शिकले.

गावाकडच्या बायका विचारतात, करमतं का? करमतं. खोटं कशाला सांगू? माझ्यासारख्याच गाव सोडून आलेल्या बायका इथं बागेत बसून उसासे टाकतात. मला ते जमत नाही. गावात डोक्यावरून पाणी आणण्यात माझा अर्धा जन्म गेला, त्याची आठवण काय काढायची.

मागच्या श्रावणात, दोन वर्षांनी, गावी गेले. पोथीचं फडकं मी बांधलं तसंच होतं. कमळनं कुणालाच सोडू दिलं नव्हतं. मी वाचली, बायका जमल्या, समाप्ती झाली. त्याच संध्याकाळी कमळ म्हणाली, "आता हितंच ऱ्हा. पोथी हाय, घर हाय."

मी नाही म्हणाले. कमळ बोलायची थांबली. दुसऱ्या दिवशी भाकरीही न बोलता वाढली. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून आमची भांडणं पुष्कळ झाली, पण अबोला कधी धरला नव्हता. हा अबोलाच तिचा शेवटचा निरोप ठरतो की काय, असं वाटलं.

दुपारी मी सोबत आणलेलं वाचनालयाचं पुस्तक काढलं. नवऱ्यामागं मासेमारीची होडी चालवणाऱ्या एका बाईची हकिकत. कमळ शेंगा सोलत होती. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि शेवटी तिलाच राहवलं नाही.

"ओठ का हालत नाय तुझे?"

"मनात वाचतेय."

"म्हंजे एकटीच खातीस की."

मी पहिल्या पानापासून मोठ्यानं सुरू केलं. गोष्टीतल्या बाईच्या दिराला होडी बळकावायची होती. कमळनं त्याला अशा शिव्या घातल्या की शेजारीण येऊन बसली. चार दिवसांत पुस्तक निम्म्यावर आलं आणि माझी परतायची वेळ झाली. पिशवी भरायला घेतली तर पुस्तक कमळच्या हातात.

"अर्धी टाकून चाललीस?"

"ती पोथी नाही. अर्धं सोडलं तरी चालतं. दे, वाचनालयाचं आहे."

"तुझ्या वाचनालयात चालत आसंल. ह्या घरात नाय चालत." तिनं पुस्तक पोथीशेजारी ठेवलं आणि दोन्ही एकाच फडक्यात बांधली. हिसकावून घेता आलं असतं. मी घेतलं नाही.

वाचनालयातल्या बाईंना सांगितलं, पुस्तक गावी आहे, अर्धं राहिलंय. त्या म्हणाल्या, राहू द्या, ते मागायला कोणी आलेलं नाही.

आता महिन्यातून एकदा कळवणची एसटी धरते. पंधराएक पानं झाली की कमळच म्हणते, "पुरं कर, घसा बसंल." माझा घसा ठणठणीत आहे, ते तिलाही माहीत आहे. घर कुठं म्हणून कोणी विचारलं तर मी नाशिक सांगते, आधार कार्डावरही तेच आहे. गावी फक्त ते पुस्तक आहे. त्याची साठेक पानं उरलीत. दोघींनाही घाई नाही.